सॅक्सोफोनचा नवा माउथपीस : रुळण्याचे दिवस आणि जोडीचे साहित्य

आपल्या वसतिशाळेच्या बँडपथकासाठी काही द्यावे, अशी इच्छा माजी विद्यार्थी दर मेळाव्यात बोलून दाखवतात. पूर्वी ही भेट गणवेशाच्या किंवा ड्रमच्या रूपाने येई. अलीकडे सॅक्सोफोन वाजवणाऱ्या मुलांसाठी चांगला माउथपीस पाठवण्याकडे कल दिसतो. भेट पोहोचते, आभाराचे पत्र जाते आणि पुढच्या पंधरवड्यात, ज्याला तो माउथपीस मिळाला त्याच मुलाचे वादन पूर्वीपेक्षा बिघडलेले ऐकू येते. सूर फाटतो, मधेच किंचाळी उठते, खालचे स्वर निघतच नाहीत. मूल खट्टू होते. 'मला येत होते ते गेले,' असे त्याला वाटू लागते, आणि त्याच सुमारास पालक भेटीला आले तर त्यांचाही तसाच समज होतो. वस्तुतः मुलाचे काहीच गेलेले नसते. हे का घडते आणि अशा वेळी जवळ काय असावे लागते, एवढेच प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

बेल्जियममधील दिनाँ येथे जन्मलेल्या अडोल्फ साक्स यांनी पॅरिसमध्ये 1846 साली या वाद्याचे एकाधिकारपत्र मिळवले. वाद्याचे अंग पितळेचे असले, तरी त्याची गणना लाकडी सुषिर वाद्यांत, म्हणजे क्लॅरिनेटच्या कुळात होते, कारण त्याचा नाद उत्पन्न करते ती रीड. सनईला जशी पत्ती, तशी सॅक्सोफोनला रीड. फरक इतकाच की सनईच्या पत्तीचे दोन पदर एकमेकांवर थरथरतात, आणि येथे एकच पदर माउथपीसच्या तोंडाशी थरथरतो. म्हणून माउथपीस बदलणे म्हणजे नुसती वरची नळी बदलणे नव्हे. नाद जेथे जन्मतो ती जागाच त्यामुळे बदलते.

माउथपीसचे टोक आणि रीडचे टोक यांच्यामध्ये एक बारीक फट असते. यामाहाच्या 4सी या, नवशिक्यांच्या हाती सर्वत्र दिसणाऱ्या ऑल्टो माउथपीसमध्ये ही फट 1.6 मि.मी. असते. सेल्मरच्या सी-स्टार या माउथपीसमध्ये ती 1.7 मि.मी. आणि मेयरच्या 5 क्रमांकाच्या माउथपीसमध्ये सुमारे 1.8 मि.मी. भरते. वहीच्या एका कागदाची जाडी सुमारे 0.1 मि.मी. असते. म्हणजे सगळा फरक एक-दोन कागदांचा! पण ओठाला तो लगेच कळतो. फट वाढली की तीच रीड कंपित करण्यासाठी अधिक श्वास आणि ओठांची अधिक बळकट बैठक लागते. मूल नकळत दातांनी दाबू लागते, दाबल्याने सूर चढतो आणि नाद चिमटल्यासारखा होतो. याखेरीज माउथपीसच्या आत पोकळी असते आणि त्या पोकळीकडे उतरणारा छतासारखा भाग असतो. हे छत उंच असेल तर नाद धारदार निघतो व मिरवणुकीत दूरवर जातो. पोकळी मोठी असेल तर नाद गोल व मवाळ होतो. धातूचा माउथपीस म्हणजे मोठा आवाज, असा समज बँडवाल्यांत पक्का आहे. आमच्या मते हा धातूचा गुण कमी आणि आतल्या घडणीचा अधिक.

नव्या माउथपीसची पहिली परीक्षा वाद्याला न जोडता घ्यावी. रीड बांधून नुसता माउथपीस फुंकला, तर ऑल्टोवर साधारणपणे पांढरी सहाच्या जवळपासचा, पण वरच्या सप्तकातला स्वर निघाला पाहिजे. शेजारी हार्मोनियम ठेवून हे कोणालाही पडताळून पाहता येते. धारदार घडणीच्या माउथपीसवर तो थोडा खाली आला तरी चालेल, मात्र वर चढत असेल तर मूल चावते आहे असे समजावे. नंतर माउथपीस वाद्याच्या वाकड्या मानेला जोडून नुसती मान फुंकावी. तेथे काळी चार यावी. या दोन स्वरांवर ओठ स्थिर झाले की मग पूर्ण वाद्य हाती घ्यावे.

वाद्य जुळवताना एक गोष्ट हमखास आड येते. मानेवरच्या बुचावर जुन्या माउथपीसची खूण पडलेली असते आणि मुले सवयीने नवाही तेथवरच सरकवतात. पोकळी लहान-मोठी असल्याने ती खूण नव्या माउथपीसला लागू पडत नाही. पोकळी मोठी असेल तर तो अधिक आत सरकवावा लागतो, लहान असेल तर बाहेर ओढावा लागतो. ऑल्टो सॅक्सोफोन काळी दोनचा; त्यावरचा एफ शार्प म्हणजे हार्मोनियमची पांढरी सहा. हा स्वर लांब धरून नवी जागा शोधावी व पेन्सिलीने तेथे नवी खूण करावी. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला वाजवणाऱ्यांना ठाऊकच आहे की ऊन चढते तसा फुंकवाद्यांचा सूरही चढतो. त्या दिवशी माउथपीस या खुणेपेक्षाही थोडा बाहेर घ्यावा लागतो.

रुळण्यास किती दिवस लागतात, असे पालक विचारतात. रोजचा सराव असेल, तर ओठ दोन-तीन आठवड्यांत ओळख करून घेतात. पहिल्या आठवड्यात गाणी नकोत. मधल्या सप्तकातले स्वर एका श्वासात लांब धरावेत, हळू सुरू करून वाढवावेत आणि पुन्हा हळू करत आणावेत. त्यानंतर खालच्या स्वरांकडे उतरावे व सर्वांत शेवटी वरच्या स्वरांकडे जावे. या काळात आज जुना, उद्या नवा असा खेळ करू नये, कारण ओठ दोन्हीकडचे अर्धवट शिकतात. ज्याअर्थी हे दिवस अडखळण्याचेच असतात, त्याअर्थी कार्यक्रम पंधरा दिवसांवर आला असताना माउथपीस बदलू नये, असा आमच्या पथकाचा नियम आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. माउथपीस, रीडचा क्रमांक आणि रीड आवळणारा पट्टा हे तिन्ही एकदम बदलले, तर बिघाड कशाचा हे शिक्षकालाही सांगता येत नाही.

या नियमाला एकच सवलत आहे, ती रीडची. फट रुंद झाली असेल तर अर्ध्या क्रमांकाने मऊ रीड लावून पाहावी : अडीचवर वाजवणाऱ्या मुलाला दोनची. सर्व कारखान्यांचे क्रमांक सारखे नसतात; एकाची अडीच दुसऱ्याच्या तीनएवढी ताठ लागू शकते, म्हणून डबीवरच्या आकड्यावर विसंबण्यापेक्षा ओठांना विचारावे. रीड बनते ती आपल्या बोरूसारख्या एका उंच गवताच्या पोकळ कांडीपासून. दक्षिण फ्रान्समधील व्हार प्रांताची कांडी त्यासाठी नावाजलेली आहे. वनस्पतीच ती, त्यामुळे एकाच डबीतल्या दहा रीड दहा स्वभावांच्या निघतात. तीन-चार चांगल्या रीड निवडून पाळीपाळीने वापराव्यात. लावण्यापूर्वी ती ओली करावी, आणि टोकाशी माउथपीसची केसाएवढी काळी रेघ वर दिसेल अशा बेताने बसवावी. किंचाळीचे कारण पुष्कळदा रीड तिरकी बसणे एवढेच असते.

आता रीड आवळून धरणारा पट्टा, ज्याला लिगेचर म्हणतात, त्याविषयी. सर्वाधिक खोळंबा याच वस्तूने होतो. पाठवणाऱ्याने माउथपीस मनापासून निवडलेला असतो, पण जुने लिगेचर त्यावर एकतर चढत नाही, नाहीतर स्क्रू शेवटपर्यंत आवळूनही ढिले राहते. 'ऑल्टोसाठी' एवढे लिहिलेले असणे पुरेसे नाही. एबोनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या माउथपीसचा घेर जाड असतो, धातूच्या माउथपीसचा बराच बारीक. पहिल्याचे लिगेचर दुसऱ्यावर घसरते. एबोनाइटच्या निरनिराळ्या माउथपीसमध्येही घेर थोडाफार बदलतो. एका विक्रेत्याने ऑल्टोचे म्हणून आम्हांला दोनदा पाठवलेले लिगेचर दोन्ही वेळा परत करावे लागले. तेव्हापासून रीड बसवलेल्या माउथपीसचा घेर व्हर्नियरने मोजून कळवतो. प्रयोगशाळेतला व्हर्नियर या कामी बँडखोलीत येतो. शक्य असल्यास माउथपीस आणि रीड बरोबर घेऊनच दुकानात जावे. मुंबईत धोबीतलावच्या बाजूला पाश्चात्त्य वाद्यांची जुनी दुकाने आहेत, तेथे लावून पाहता येते.

लिगेचर रीडच्या जाड, सालीच्या भागावर बसावे. जेथून रीड तासलेली असते त्या भागावर ते चढता कामा नये. स्क्रू रीड सरकू नये इतपतच आवळावेत. चामड्याच्या आणि चांदीचा मुलामा दिलेल्या पट्ट्यांविषयी वादक तासन् तास वाद घालतात. रीड सपाट आणि घट्ट बसली की विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा वाद संपतो, असे आमचे मत आहे. ते पैसे रीडवर खर्चावेत.

टोपणाकडे कोणाचे लक्ष नसते, आणि मिरवणुकीत विसावा घेताना रीडचे टोक तुटते ते टोपण नसल्यामुळेच. लिगेचर बदलले की जुने टोपण बहुधा बसत नाही, म्हणून दोन्ही जोडीनेच घ्यावीत, आणि टोपण रीडच्या टोकाला टेकत नाही हे पाहावे. वाजवून झाल्यावर मात्र ओली रीड टोपणाखाली कोंडू नये, तिला बुरशी धरते. ती पुसून सपाट डबीत ठेवावी.

वरच्या दातांखाली चिकटवायची रबरी चकती अगदी स्वस्त असते. ती पहिल्या दिवशीच लावावी. नंतर लावल्यास तोंडाची उघडझाप पुन्हा बदलते. माउथपीस मानेवर ढिला बसत असेल तर बुचाभोवती कागदाची पट्टी गुंडाळून वेळ भागते, पण बूच लवकर बदलून घ्यावे. घट्ट बसत असेल तर बुचाचे ग्रीस लावावे, रेटू नये. गळ्यातल्या पट्ट्याची उंचीही पुन्हा जुळवावी लागते : माउथपीस तोंडापर्यंत आला पाहिजे, मान त्याच्याकडे झुकता कामा नये.

एबोनाइट उकळत्या पाण्यात घालू नये. ते हिरवट पडते, गंधकाचा वास येतो आणि आकारही बिघडू शकतो. कोमट पाणी व सौम्य साबण पुरे. उन्हात वाळवणेही टाळावे. वसतिगृहात एकच वाद्य दोघे-तिघे वाजवतात. त्यांच्या रीड स्वतंत्र असाव्यात आणि माउथपीस हाती देण्यापूर्वी धुतलेला असावा.

ज्यांना भेट पाठवायची आहे त्यांनी खरेदीपूर्वी बँडशिक्षकांना वाद्य ऑल्टो की टेनर, मूल सध्या कोणत्या माउथपीसवर आणि किती क्रमांकाच्या रीडवर वाजवते, हे विचारून घ्यावे. माउथपीसबरोबर त्याला बसणारे लिगेचर, टोपण आणि मऊ रीडची एक डबी आली, तर तो त्याच दिवशी वापरात येतो. निधी कमी असेल तर नुसत्या रीड पाठवाव्यात. 4सीवर अजून पुष्कळ शिकायचे बाकी असलेल्या मुलाला चांगल्या रीडचाच अधिक लाभ होतो.

काढलेला जुना माउथपीस त्याच्या लिगेचर व टोपणासह डबीत ठेवून त्यावर मुलाचे नाव, रीडचा क्रमांक आणि बदलल्याची तारीख लिहिली जाते. पुढच्या वर्षी सातवीतून येणाऱ्या मुलाला तोच दिला जातो.