फ्रेंचमध्ये एम. ए. करायचंय?

मुलं शाळेत रुळली, दुपारचे दोन-तीन तास हाताशी राहू लागले, की पदवीधर गृहिणीला वाटतं, आता आपलं राहिलेलं शिक्षण पुरं करावं. कॉलेजात फ्रेंच घेतलेल्या काहीजणींना त्यातच एम. ए. व्हावंसं वाटतं. पण घरातून पहिला प्रश्न येतो, "आता या वयात?"

मैत्रिणींनो, वयाची काळजी सोडा. खरी अट आहे ती भाषेच्या तयारीची.

बी. ए. ला फ्रेंच मुख्य विषय असेल तर वाट सरळ आहे. इतर विषयांच्या पदवीधरांनाही पुष्कळ ठिकाणी प्रवेश मिळतो; मात्र फ्रेंचची पदविका किंवा ठरावीक पातळीचं प्रमाणपत्र लागतं. कुठे कुठे प्रवेशपरीक्षाही असते. पुणे आणि मुंबई विद्यापीठांत फ्रेंच शिकवलं जातं. तिथलं माहितीपत्रक आधी नीट वाचावं.

पातळी मोजायला फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाच्या परीक्षा आहेत. 'डेल्फ'च्या ए-१, ए-२, बी-१, बी-२ अशा चार पायऱ्या आणि त्यावर 'डाल्फ'च्या दोन. बी-२ ला ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं यांना प्रत्येकी २५ गुण. १०० पैकी ५० हवेत आणि कोणत्याही भागात ५ पेक्षा कमी चालत नाहीत. प्रमाणपत्र जन्मभर चालतं. इथवर यायला साधारण ५०० ते ६०० तास अभ्यास लागतो. म्हणजे रोज एक तास धरला तर दीड-पावणेदोन वर्षं!

ऐकून धास्तावू नका. आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'सारखाच भेद फ्रेंचमध्येही आहे. आपल्या आज्या ऐंशीला 'चार विसा' म्हणायच्या ना? फ्रेंच माणूसही ऐंशीला 'चार वीस'च म्हणतो!

एम. ए. दोन वर्षांचं, चार सत्रांचं. त्यात फ्रेंच साहित्य, भाषाशास्त्र, भाषांतर, अध्यापनपद्धती असे विषय येतात. अनेक ठिकाणी शेवटी प्रबंधिकाही लिहावी लागते. हजेरीची अट बहुधा ७५ टक्क्यांची असते. तेव्हा सणवार, मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचं दुखणंखुपणं यांत कोण हातभार लावील, हे प्रवेशाआधीच घरात बोलून ठरवा. नंतर ओढाताण होते ती आपलीच.

आता कागदपत्रं. आपल्यापैकी बहुतेकींच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव असतं आणि आधारकार्डावर सासरचं. त्यासाठी विवाहनोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद तयार ठेवा. पदवी दुसऱ्या विद्यापीठाची असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र म्हणजेच 'मायग्रेशन' लागतं. ते यायला वेळ लागतो. म्हणून अर्ज लवकर करावा.

आणि पुढे काय? भाषांतर, शिकवण्या, शाळा-कॉलेजातली नोकरी. कॉलेजात प्राध्यापक व्हायचं तर एम. ए. ला ५५ टक्के गुण आणि 'नेट' परीक्षा ही नेहमीची वाट. आरक्षित गटांना गुणांत सवलत आहे. सहायक प्राध्यापक पदासाठी 'नेट' देताना वयाची कमाल मर्यादा नाही. "या वयात?" असं पुन्हा कुणी विचारलं, तर हे जरूर सांगा.

या आठवड्यात एवढंच करा: जुनी गुणपत्रिका ट्रंकेतून काढा, नाव तपासा आणि रोजचा एक तास कोणता, ते ठरवून टाका.