धूर, अग्नी आणि ईजीआर

तर्कशास्त्राच्या वर्गात आम्ही पहिलं उदाहरण देतो ते ठरलेलं : पर्वतावर धूर आहे, म्हणून तिथे अग्नी आहे. ‘तर्कसंग्रह’ वाचलेल्या प्रत्येकाला ते पाठ असतं. आज तोच धूर आपण कसारा घाट चढणाऱ्या डिझेल गाडीच्या मागे पाहू. गाडी पिकअप घेत नाही, उभी असताना थरथरते, मागे काळा धूर. गॅरेजवाला सांगतो, ईजीआर गेला. हे अनुमान टिकतं का?

ईजीआर म्हणजे इंजिनातून बाहेर निघालेल्या जळक्या वायूचा काही भाग परत आत सोडायचा. उलटंच वाटतं ना? पण त्याने आतला ऑक्सिजन कमी होतो, ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजनचे घातक ऑक्साइड कमी तयार होतात. किती वायू सोडायचा ते एक व्हॉल्व्ह ठरवतो. काजळीने तो उघडाच अडकला, की नको तेव्हाही वायू आत येतो, हवा अपुरी पडते आणि काळा धूर निघतो.

पण तुंबलेल्या एअर फिल्टरनेही काळा धूर येतो. टर्बोचा होज फाटला, इंजेक्टर गळला, तरी येतो. नैयायिक याला व्यभिचारी हेतू म्हणतील.

बरं, स्कॅनर लावला. कोड आला पी-०४०१, म्हणजे ईजीआरचा प्रवाह कमी. आता प्रत्यक्ष प्रमाण मिळालं, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. बऱ्याच गाड्यांत संगणक तो प्रवाह पाहतच नाही. व्हॉल्व्ह उघडल्यावर ताजी हवा घटायला हवी होती, सेन्सरच्या आकड्यात ती घटली नाही, एवढ्यावरून तो निष्कर्ष काढतो. बिचारा तोही अनुमानच करतो! आणि सेन्सरच मळलेला असेल तर?

म्हणून अन्वय-व्यतिरेक. गाडी आयडलिंगला ठेवून स्कॅनरवरून व्हॉल्व्ह उघडायचा. हवेचा आकडा उतरला पाहिजे, इंजिनाचा आवाज बदलला पाहिजे. बंद केल्यावर दोन्ही पूर्ववत. व्हॉल्व्ह हलतोय पण आकडा ढिम्म, तर नवा व्हॉल्व्ह घेण्याआधी नळी काजळीने बुजलीय का ते बघा. आकडा मुळातच कमी आणि उघडझाप करूनही फरक नाही, तर उघडा अडकल्याचा संशय बळावतो.

काही जण हे सगळं टाळून पत्रा लावतात, वाटच बंद. धूर कमी होतो, पिकअप येतो, गिऱ्हाईक खूष. इथे आपल्या शास्त्रातला तापलेला लोखंडी गोळा आठवा : अग्नी आहे, धूर नाही. नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात, पण डोळ्यांना दिसत नाहीत. दमेकऱ्याच्या छातीला मात्र कळतात. डिझेल कारसाठी त्यांची मर्यादा बीएस-४ मध्ये किलोमीटरमागे ०.२५ ग्रॅम होती, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मध्ये ०.०८ झाली. पीयूसीला मात्र डिझेल गाडीच्या धुराची घनताच मोजतात. म्हणजे पत्रा लावलेली गाडी तिथे आरामात पास! नव्या गाड्यांत पत्रा लावला की डॅशबोर्डवर दिवा लागतो. तो दिवा विझवणारा प्रोग्रामही बाजारात विकत मिळतो.