जुन्या जीपच्या कार्ब्युरेटरचें चिकटलेलें पॅकिंग

1947 नंतर महिंद्रांनीं आपल्या देशांत आणलेली विलीस जातीची पेट्रोल जीप ज्या शेतकरी बंधूंनीं जपून ठेविली आहे, त्यांस कार्ब्युरेटरचें जुनें पॅकिंग काढण्याचा प्रसंग येतोच. हा कागद वर्षानुवर्षें उष्णतेनें धातूस घट्ट चिकटतो. तो पोलादी पेचकसानें खरवडणें ही मोठी चूक होय. कार्ब्युरेटरचें धड जस्ताच्या मऊ मिश्रधातूचें असतें. त्याच्या तोंडावर ओरखडा पडला म्हणजे तेथून जादा हवा आंत शिरते, पेट्रोलचें प्रमाण कमी पडतें व इंजिन अडखळतें. ऐन पेरणींत माझ्याच हातून असें झालें, आणि वाशीमहून बीं आणावयास बैलगाडी जुंपावी लागली.

तरी प्रथम पेट्रोल काढून टाकावें. चूल व विडी दूर ठेवावी. रबराचे भाग वेगळे करून भोंकांत चिंधीचे बोळे बसवावे. कागदावर थिनरनें भिजविलेली चिंधी कांहीं वेळ ठेवावी. मग बांबूची कामटी तिरपी धरून हलक्या हातानें खरवडावें. न सुटेल तेथें पुन्हा भिजवावें. बळ करूं नये. बोळे काढून, सपाट कांचेवर तोंड टेकवून तें डुलतें काय हें पाहावें. डुलत नसल्यास नवें पॅकिंग, लाख न लावतां, कोरडेंच बसवावें. इंजिन मंद गतीवर न अडखळतां चाललें म्हणजे काम साधलें असें समजावें.