ठेका धरा, पळत सुटा!

मरीन ड्राइव्ह असो, पुण्याची तळजाई असो की नागपूरचा फुटाळा, पहाटे पळणाऱ्या दर दुसऱ्या माणसाच्या कानात इयरफोन असतात. त्यात काय वाजतं? बहुतेकांच्या कानात आवडत्या गाण्यांचा ढिगारा! एक गाणं पळवतं, दुसरं रेंगाळायला लावतं, तिसरं थेट रडवतं. पळण्याची प्लेलिस्ट आवडीवर नाही, मोजणीवर बनते. त्यामागचे हे काही किस्से, प्रयोग आणि थोडं सोपं गणित.

गाणं लावा, विक्रम घ्या

फेब्रुवारी 1998. बर्मिंगहॅमचं इनडोअर स्टेडियम. इथिओपियाचा हाइले गेब्रसेलासी 2000 मीटर पळायला उतरला आणि ध्वनिक्षेपकावर त्याच्या फर्माइशीचं 'स्कॅटमॅन' हे गाणं लागलं. त्या ठेक्यावर त्याने 4 मिनिटं 52.86 सेकंदांचा जागतिक विक्रम केला. गाण्याचा किस्साही भन्नाट आहे. गायक 'स्कॅटमॅन जॉन' लहानपणापासून तोतरा बोलायचा. तेच अडखळणं त्याने गाण्याच्या शैलीत बदललं आणि पन्नाशी ओलांडल्यावर जगभर गाजला.

बँड वाजला, सायकली सुसाट

व्यायाम आणि संगीताचं नातं इयरफोनपेक्षा खूप जुनं आहे. 1911 साली लिओनार्ड एअर्स या अमेरिकी संशोधकाने न्यूयॉर्कच्या सहा दिवसांच्या सायकल शर्यतीतले आकडे मांडले. बँड वाजत असताना सायकलस्वारांचा सरासरी वेग ताशी 19.6 मैल होता, बँड थांबला की 17.9 मैल. म्हणजे ताशी जवळपास पावणेतीन किलोमीटरचा फरक! आता बँडमुळे सायकली पळाल्या की बँडबरोबर वाढणाऱ्या गर्दीच्या आरोळ्यांमुळे, हा वाद घालायला जागा आहे. पण या विषयावरच्या अभ्यासांची सुरुवात बहुतेक वेळा याच शर्यतीपासून सांगितली जाते.

180 : प्रशिक्षकाचा लाडका आकडा

1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जॅक डॅनियल्स हे प्रशिक्षक प्रेक्षकांत बसून धावपटूंची पावलं मोजत होते. 46 पैकी फक्त एक जण मिनिटाला 180 पेक्षा कमी पावलं टाकत होता. तेव्हापासून 180 हा आकडा धावणाऱ्यांच्या जगात मंत्रासारखा जपला जातो.

गंमत म्हणजे इटलीच्या 'बेर्साल्येरी' सैनिकांची पळती चालही मिनिटाला 180 पावलांचीच सांगतात. 1836 साली उभ्या राहिलेल्या या पलटणीचा बँड चालत नाही, पळतो, आणि पळता पळता तुताऱ्या फुंकतो!

तुम्ही मात्र 180 च्या मागे लागू नका. ते ऑलिंपिकवीर शर्यतीच्या वेगात होते. रोज सकाळी आरामात पळणाऱ्याची पावलं साधारण 150 ते 170 च्या दरम्यान पडतात. फार लांब ढांगा टाकत असाल तर पावलं पाच टक्के वाढवून पाहा. 160 असतील तर 168. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या 2011 च्या अभ्यासात एवढ्या बदलानेही गुडघ्यावरचा भार हलका झालेला दिसला.

आधी पाय मोजा, मग गाणं

पद्धत सोपी आहे. नेहमीच्या वेगात दहा मिनिटं पळा. मग पंधरा सेकंदांत उजवा पाय किती वेळा टेकतो ते मोजा आणि त्याला आठने गुणा. 20 वेळा टेकला तर मिनिटाला 160 पावलं. झाला तुमचा आकडा.

आता गाण्याचे ठोके. मांडीवर ताल धरून पंधरा सेकंद मोजा आणि चारने गुणा. यालाच डीजे मंडळी 'बीपीएम' म्हणतात. गाणं 160 चं सापडलं नाही? 80 चं घ्या. एका ठोक्याला दोन पावलं बसतात. गाण्यांच्या दुनियेत 80 ते 90 ठोक्यांचा सुकाळ आहे, त्यामुळे ही दुपटीची युक्ती अर्धी प्लेलिस्ट भरून देते. आणि दुप्पट करायचं नसेल तर 'ड्रम अँड बेस' हा प्रकार ऐकून पाहा. त्यातली गाणी मुळातच 160 ते 180 च्या घरात असतात.

पळण्याचं सर्वांत गाजलेलं संगीत पळायला कुचकामी!

'चॅरियट्स ऑफ फायर' (1981). समुद्रकिनारी पांढऱ्या कपड्यांत धावणारी तरुण मुलं आणि वँगेलिसचं ऑस्कर मिळवणारं संगीत. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पदकं देतानाही हीच धून वाजत होती. पण ठोके मोजले तर ते मिनिटाला 70 च्या आतबाहेर भरतात. दुप्पट केले तरी 140. एवढ्यावर पळायला गेलात तर पाय अडखळतील. पडद्यावरचे धावपटू तरी कुठे त्यावर पळतात? ते स्लो मोशनमध्ये आहेत!

'रॉकी 3' (1982) मधलं 'आय ऑफ द टायगर' जगभरच्या जिममध्ये वाजतं, तेही 109 ठोक्यांचं. म्हणजे झपाझप चालण्याचं. सिल्व्हेस्टर स्टॅलोनला खरं तर त्या जागी 'क्वीन'चं 'अनदर वन बाइट्स द डस्ट' हवं होतं. हक्क मिळाले नाहीत म्हणून नवं गाणं करून घेतलं. योगायोग असा की त्याचे ठोकेही 110 च्या आसपासच.

चोरून वेग बदलला तर?

लिव्हरपूलच्या संशोधकांनी 2010 साली एक लबाडी केली. विद्यार्थ्यांना व्यायामाच्या सायकलवर बसवलं, सहा गाणी लावली आणि कुणालाही न सांगता गाण्यांचा वेग कधी दहा टक्के वाढवला, कधी दहा टक्के उतरवला. गाणी वेगवान झाली तेव्हा अंतर 2.1 टक्के जास्त कापलं गेलं. संथ झाली तेव्हा 3.8 टक्के कमी. आकडे पुन्हा वाचा. वेगवान गाणं जेवढं देतं, त्याहून जास्त संथ गाणं काढून घेतं. प्लेलिस्टच्या मधोमध चुकून घुसलेली गझल किती महाग पडते, ते यावरून कळेल.

आवडतं नसलेलं गाणंही चालतं

ऑस्ट्रेलियातल्या अव्वल ट्रायथलॉनपटूंना ट्रेडमिलवर थकून थांबेपर्यंत पळवलं. संगीताशिवाय पळाले त्यापेक्षा जोशपूर्ण गाण्यांवर ते 18.1 टक्के जास्त वेळ टिकले. आणि ज्या गाण्यांबद्दल ना प्रेम ना राग, त्यांवर? 19.7 टक्के! 2012 च्या या अभ्यासातल्या दोन्ही प्रकारच्या गाण्यांत एक गोष्ट समान होती. ठोके पावलांशी जुळवलेले होते. आवड हा बोनस आहे, भांडवल ठेक्याचं.

ठोके तेच, ढांग वेगळी

मग कुठलंही गाणं घ्यावं का? तसंही नाही. बेल्जियमच्या गेंट विद्यापीठात लोकांना 52 गाण्यांच्या तुकड्यांवर चालायला लावलं. सगळे तुकडे बरोबर 130 ठोक्यांचे. पावलं तेवढीच पडत होती, पण काही गाण्यांवर ढांग लांबली, काहींवर आखडली. ठणठणीत, दणकट वादन माणसाला पुढे ढकलतं, गुळगुळीत वादन मागे ओढतं. म्हणून एकाच ठोक्याच्या दोन गाण्यांत निवड करायची झाली तर ढोलकी खणखणीत वाजते ते घ्या.

दादरा, झपताल आणि फुप्फुसं

घोडा पळताना एका उडीला एकच श्वास घेतो. चार पायांच्या बहुतेक प्राण्यांना दुसरा पर्यायच नसतो. माणसाला आहे. एका श्वासाला पावलांच्या दोन जोड्या, तीन, चार, अगदी अडीचसुद्धा! 'सायन्स' या नियतकालिकात 1983 साली ब्रॅम्बल आणि कॅरियर यांनी हे दाखवून दिलं.

अडीच जोड्यांचा, म्हणजे पाच पावलांचा हिशेब फार रंजक आहे. काही प्रशिक्षक तीन पावलांत श्वास आत आणि दोन पावलांत बाहेर असं शिकवतात. पाच ही विषम संख्या, त्यामुळे उच्छ्वासाची सुरुवात एकदा उजव्या पायावर होते, एकदा डाव्या. एकाच बाजूला ताण बसत नाही, असा त्यामागचा तर्क.

आता झपताल आठवा. दहा मात्रा, दोन-तीन-दोन-तीन. एका मात्रेला एक पाऊल टाकलं तर सम उजव्या पायावर आणि सहाव्या मात्रेवरची काल डाव्या पायावर. दादऱ्यातही तेच होतं. तीन-तीनचे दोन भाग, सम एका पायावर, काल दुसऱ्या. केरव्यात मात्र चार-चारचे भाग असल्याने सम आणि काल दोन्ही एकाच पायाच्या वाट्याला येतात. तेव्हा केरव्यातली पाच-सहा गाणी झाली की एखादं दादऱ्यातलं टाका. दोन्ही पायांना न्याय मिळेल.

मैफलीसारखी मांडणी

ख्याल गाणारे विलंबितातून मध्य लयीत आणि मग द्रुतात जातात. पळण्याची यादीही तशीच चढवायची. फरक एवढाच की गवय्या द्रुतावर मैफल संपवतो, तुम्हाला पुन्हा खाली उतरायचं आहे.

पाऊण तासासाठी, चार मिनिटांचं एक गाणं धरून, अकरा गाणी पुरतात:

- पहिली दोन : 110 ते 125 ठोके. भरभर चाल, मग हलकी धाव.
- पुढची सहा : तुमच्या आकड्याइतके ठोके, किंवा त्याच्या निम्मे. इथे चढउतार नको.
- नववं : आकड्यापेक्षा पाच-सहा ठोके जास्त. जीव ओतायचा तो इथे.
- शेवटची दोन : शंभराच्या खाली. चालत चालत श्वास जागेवर आणायचा.

सर्वांत वेगवान गाणंही नेहमीच्या आकड्याहून फार लांब नाही, हे लक्षात आलं का? हौशी धावपटू वेग वाढवतो तो मुख्यतः ढांग लांबवून. पावलांची संख्या थोडीशीच वाढते. 160 वरून एकदम 190 वर उडी मारणारी यादी पळवत नाही, धापा टाकायला लावते. घाटातही हेच सूत्र. साताऱ्याहून यवतेश्वरचा चढ चढताना गाणं तेच ठेवा, ढांग छोटी करा.

आपल्याकडच्या गाण्यांसाठी खास सूचना दोन. आलाप किंवा शेराने सुरू होणारं गाणं यादीच्या मध्ये नको, कारण तेवढा वेळ पाय निराधार होतात. आणि जुन्या गाण्यांत सगळे वादक एकत्र बसून वाजवायचे, यंत्राचा ठोका कानात नसायचा. त्यामुळे लय शेवटाकडे किंचित वाढू शकते. ठोके सुरुवातीला नाही, दुसऱ्या अंतऱ्यात मोजा.

पळणाऱ्यांसाठी गाणं, न पळणाऱ्याचं

2006 मध्ये 'नायकी'ने 'एलसीडी साउंडसिस्टिम'च्या जेम्स मर्फीकडून खास धावण्यासाठी एक सलग रचना करून घेतली. नाव '45:33'. त्यात वॉर्मअप होता, चढ होता, कूलडाउनही होता. नंतर मर्फीने कबूल केलं की आपण जॉगिंग करतच नाही, लांबलचक रचना करायची हौस भागवायला हे निमित्त मिळालं! नावातले 45 आणि 33 हे ग्रामोफोनच्या तबकड्यांचे फेरे. रचनेची खरी लांबी 45 मिनिटं 58 सेकंद.

वॉकमन ते ॲप

1 जुलै 1979 रोजी जपानमध्ये सोनीचा पहिला वॉकमन आला, किंमत 33 हजार येन. त्याला हेडफोनसाठी दोन भोकं होती, कारण एकट्याने गाणी ऐकणं असभ्य दिसेल अशी कंपनीला धास्ती होती. 2006 मध्ये नायकी आणि ॲपलने बुटात सेन्सर बसवला आणि दम संपला की एका बटनावर ठरलेलं 'पॉवरसाँग' वाजायची सोय केली. 2015 मध्ये स्पॉटिफायने पावलं ओळखून त्या ठेक्याचं गाणं लावणारी सुविधा आणली, 2018 मध्ये गुंडाळलीही. पंधरा सेकंद मोजून आठने गुणायची सोय अजून कुणी बंद केलेली नाही.

कानात काही नको!

2007 मध्ये अमेरिकेच्या ॲथलेटिक्स संघटनेने शर्यतींत हेडफोनवर सरसकट बंदी घातली. हौशी धावपटूंनी ती धाब्यावर बसवली. पुढच्या वर्षाअखेर संघटनेने नमतं घेतलं आणि बंदी फक्त बक्षिसांसाठी पळणाऱ्यांपुरती उरली. जागतिक नियमांतही अशी उपकरणं म्हणजे बाहेरची मदत. गेब्रसेलासीचं गाणं स्टेडियमच्या भोंग्यावर होतं, सगळ्यांसाठी होतं, म्हणून चाललं. सॅन दिएगोच्या 'रॉक अँड रोल मॅरेथॉन'ने 1998 पासून हाच मार्ग धरला. कानात काही घालू नका, दर मैलाला बँडच उभा करतो!

महाराष्ट्राला यात नवल वाटू नये. माउलींच्या पालखीसोबत टाळ-पखवाजाच्या ठेक्यावर वारकरी दिवसेंदिवस चालतात आणि वेळापूरजवळच्या धावाबावी माउंटच्या उतारावरून चक्क पळत सुटतात. तुकाराम महाराजांना इथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत निघाले, असं परंपरा सांगते.

गाणं कुठे हरतं?

लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातले कोस्टास कराजॉर्गिस गेली अनेक वर्षं याच विषयावर काम करत आहेत. त्यांचा निष्कर्ष सरळ आहे. हलक्या आणि मध्यम व्यायामात संगीत थकव्याची जाणीव साधारण दहा टक्क्यांनी कमी करतं. पण ऊर फुटेस्तोवर पळायला लागलात की शरीराची ओरड गाण्यापेक्षा मोठी होते. तिथे गाणं उत्साह देईल, दम देणार नाही. म्हणून जोरदार स्प्रिंटच्या दिवशी प्लेलिस्टची चिंता सोडा. तिची खरी गरज रविवारच्या लांब, कंटाळवाण्या धावेला असते.

आणि आवाज बेताचाच ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाने 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंतच ऐकावा. आपल्या रस्त्यांवर तर एक कान मोकळाच हवा. मागून येणाऱ्या रिक्षाचा हॉर्न कुठल्याच तालात बसत नाही, पण तो ऐकू येणं सर्वांत महत्त्वाचं. तेव्हा उद्या सकाळी निघण्याआधी आवडती गाणी बाजूला ठेवा, पावलं मोजा आणि त्या आकड्यात बसतील तेवढीच आत घ्या. उरलेली ऐकायला अख्खा दिवस पडलाय!