शेजारची सून आणि लंडनचे कौन्सिल

लंडनच्या व्हाइटचॅपेल बाजारात सकाळी पिशवी घेऊन गेलात, तर कारली, पालेभाज्या आणि बर्फातली मासळी पाहून आपण कोलकात्यात उतरलो की काय, असे वाटावे. माझी मावसबहीण तिथून पाच मिनिटांवर राहते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे महिनाभर होते.

हा भाग टॉवर हॅम्लेट्स बरोचा. २०२१ च्या शिरगणतीत वस्ती ३,१०,३००. त्यातली एक तृतीयांशाहून अधिक बांगलादेशी. कॅनरी व्हार्फचे बँकांचे मनोरे इथेच आणि २०१९ च्या सरकारी निर्देशांकात म्हाताऱ्यांच्या गरिबीत साऱ्या इंग्लंडात पहिला क्रमांकही इथलाच. साठीपुढच्या शंभरांपैकी चव्वेचाळीस माणसे गरिबीत!

शेजारी एक सिल्हेटी कुटुंब होते. दादींना पक्षाघात झालेला. एके दिवशी कौन्सिलच्या सोशल वर्कर बाई आल्या, सोबत सिल्हेटी बोलणारा दुभाषा. दादींनी मला उठू दिले नाही, म्हणून मीही बसून राहिले.

२०१४ च्या केअर ॲक्टप्रमाणे दहा गोष्टी पाहतात. जेवण, अंघोळ, शौच, कपडे. इतकेच नव्हे, तर माणसांत मिसळता येते का, हेसुद्धा. दोन किंवा अधिक गोष्टी जमत नसतील आणि त्याने जगण्यावर मोठा परिणाम होत असेल, तर मदतीची जबाबदारी कौन्सिलची. दादी म्हणाल्या, "नमाजाआधी हातपाय धुवायला कुणीतरी बाई हवी, बुवा नको." बाईंनी तेही लिहून घेतले.

आता पैशाचे. तिथे दवाखाना फुकट, हे आपण ऐकून असतो. पण अंघोळ घालायला येणारी बाई फुकट नव्हे! २३,२५० पौंडांहून अधिक शिल्लक असली, तर खर्च सहसा ज्याचा त्याने करायचा. खालच्यांनीही ऐपतीप्रमाणे द्यायचे. घरी येणाऱ्या मदतीचे पैसे हॅमरस्मिथ-फुलहॅम कौन्सिलने २०१५ साली माफ केले, टॉवर हॅम्लेट्सने २०२५ साली.

गरीब वस्तीला गरज मोठी आणि कर थोडा. हे दुखणे जुनेच आहे. आज या बरोत असलेल्या पॉप्लरच्या तीस नगरसेवकांनी १९२१ साली लंडनच्या वरिष्ठ संस्थांचा कर भरायचे नाकारले. आमच्या बेकारांना आम्हीच पोसायचे आणि श्रीमंत बरोंइतकाच बोजाही उचलायचा, हा कुठला न्याय? जॉर्ज लॅन्सबरींसह बहुतेक सारे सहा आठवडे तुरुंगात! कौन्सिलच्या सभाही तिथेच भरल्या. शेवटी सरकारने बोजा वाटून घेण्याचा कायदा केला.

पण मला सांगायचे आहे ते निराळेच. दादींचे संपल्यावर बाई सुनेकडे वळल्या. "आणि तुमचे काय? झोप होते का? स्वतःसाठी वेळ मिळतो?" शुश्रूषा करणाऱ्याची वेगळी चौकशी व्हावी, हा तिथे कायद्याने हक्कच आहे. दुभाषा अडखळला. 'केअरर' या शब्दाला त्याला नेमका शब्द सापडेना. सून म्हणाली, "मी कोण? मी तर घरची सून." आणि एकदम रडू लागली.

मी मराठीची प्राध्यापिका. वर्गात दरसाल सांगते, 'शुश्रूषा' म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. माझ्या सासूबाई तीन वर्षे अंथरुणावर होत्या. सकाळी त्यांचे आवरून मी नऊचे लेक्चर गाठत असे. येणारे जाणारे त्यांची विचारपूस करीत आणि माझ्या हातचा चहा पिऊन जात. मला कुणी विचारल्याचे आठवत नाही. मीही कुणाला सांगितले नाही. आपल्याकडे २००७ च्या कायद्याने आईवडिलांना सांभाळणे मुलांवर बंधनकारक आहे, पण रात्री चारदा उठते ती बहुधा सून.

सारेच काही गोड नव्हते. मदतनीस बाई अर्ध्या तासासाठी यायची आणि घड्याळ पाहत निघायची. कौन्सिलकडून काळजीसाठी थेट पैसे घेता येतात, पण त्याच घरात राहणाऱ्या सुनेला ते सहसा देता येत नाहीत. मावसबहीण म्हणाली, "म्हणजे सून ती सूनच!"

तरी दर गुरुवारी दादींना घेऊन जायला गाडी येऊ लागली. पहिल्या गुरुवारी दुपारी सून आमच्याकडे आली, खुर्चीवर बसली आणि दहा मिनिटांत उठून विचारू लागली, "काही चिरायचे आहे का?"

मी तिच्या हातातली सुरी काढून घेतली आणि चहा टाकला.