भीती कुणाची, कुणाला?

कविता लिहिणाऱ्या माणसाने भयपटावर बोलावं, हे माझ्या घरीसुद्धा कुणाला पटलेलं नाही. बायको म्हणाली, ''रात्री खिडकी वाजली तरी तुम्ही मला उठवता, तुम्ही काय भयपटावर बोलणार?'' तिचं खरं आहे. मी भित्रा प्रेक्षक आहे. पण भित्र्या माणसाला एक फायदा असतो. भीती त्याला जवळून माहीत असते.

मी ज्या चित्रपटाविषयी बोलणार आहे त्याचं नाव 'आय अ‍ॅम लेजंड'. डिसेंबर २००७ मध्ये तो अमेरिकेत प्रदर्शित झाला. दिग्दर्शक फ्रान्सिस लॉरेन्स, नायक विल स्मिथ. जगबुडीनंतरचं ओसाड न्यूयॉर्क शहर, त्यात उरलेला एक माणूस आणि त्याचा कुत्रा. पहिल्या तीन दिवसांतच चित्रपटाने अमेरिकेत सुमारे पावणेआठ कोटी डॉलर कमावले. पण मला त्याच्या कमाईत रस नाही. प्रेक्षकांनी या चित्रपटाचं काय केलं, ते मला सांगायचं आहे.

गोष्टीची सुरुवातसुद्धा एका प्रेक्षकापासूनच होते. रिचर्ड मॅथेसन नावाचा अमेरिकन मुलगा कुमारवयात 'ड्रॅक्युला' पाहायला गेला. चित्रपट पाहता पाहता त्याच्या मनात आलं, एक रक्तपिपासू इतका भयंकर, तर सगळं जगच रक्तपिपासू झालं तर? हा विचार त्याच्या डोक्यात राहिला आणि १९५४ मध्ये त्याची कादंबरी आली. 'आय अ‍ॅम लेजंड' हेच तिचं नाव.

कादंबरीतला रॉबर्ट नेव्हिल हा कारखान्यात काम करणारा साधा माणूस. राहतो लॉस एंजेलिसमध्ये. एका जिवाणूची साथ येते आणि माणसं रक्तपिपासू होतात. त्यांना ऊन सोसत नाही, लसूण सोसत नाही. नेव्हिलची बायको गेली, लहानगी मुलगी गेली. हा एकटा उरला. रात्री दाराला लसणाच्या माळा लावून आत बसायचं. बाहेर गर्दी जमते आणि कालपर्यंतचा शेजारी नाव घेऊन हाका मारतो, बाहेर ये म्हणतो. उजाडलं की नेव्हिल लाकडी खुंट्या घेऊन निघतो, घराघरांत शिरतो, झोपलेल्यांना मारतो आणि संध्याकाळच्या आत परततो. वाचताना आपण त्याच्याच बाजूचे असतो. आपण त्याच्या जागी असतो तर आपणही हेच केलं असतं, असं वाटतं.

मग शेवटाकडे मॅथेसन आपल्याला गाठतो. झोपलेल्यांत दोन प्रकार होते. काही मेलेले होते, तर काही केवळ आजारी, जिवंत. या जिवंतांनी आजारावर गोळी शोधलेली आहे. ते नवा समाज उभारू पाहत आहेत. त्यांनाही बायकामुलं आहेत. नेव्हिलने मारताना हा फरक केलाच नव्हता. त्या समाजातली रूथ नावाची एक बाई त्याच्याकडे हेर म्हणून येते. तिचा नवरा नेव्हिलच्याच हातून मेलेला असतो. अखेर ते लोक नेव्हिलला पकडतात. तो खिडकीतून खाली जमलेली गर्दी पाहतो आणि त्या चेहऱ्यांवर त्याला भीती दिसते. त्याची भीती. आपण झोपलो असताना दिवसाउजेडी घरात शिरतो आणि आपली माणसं मारून जातो, तो हा! जुन्या जगात रक्तपिपासू ही दंतकथा होती, नव्या जगात दंतकथा तो आहे. कादंबरीच्या नावाचा अर्थ तिथे उलगडतो.

या कादंबरीवर तीन मोठे चित्रपट झाले. १९६४ चा पहिला इटलीत चित्रित झाला, त्यात व्हिन्सेंट प्राइस होता. त्याच्या पटकथेत मॅथेसनचा हात होता, पण ती इतकी बदलली की त्याने स्वतःचं नाव काढून टोपणनाव लावायला सांगितलं. तरी मूळ शेवटाच्या त्यातल्या त्यात जवळ जाणारा तोच. १९७१ मध्ये चार्ल्टन हेस्टनचा 'द ओमेगा मॅन' आला. त्यात नायक मरताना आपल्या रक्तातून उतारा देऊन जातो. दंतकथा गेली, तारणहार आला. आणि २००७ मध्ये विल स्मिथ.

या तिसऱ्या चित्रपटात नेव्हिल लष्करातला विषाणूतज्ज्ञ आहे. कर्करोग बरा करण्यासाठी गोवराच्या विषाणूत फेरफार केले जातात आणि त्यातूनच साथ पसरते. बाधित झालेले लोक अंधारात राहतात, उन्हात येत नाहीत. नेव्हिल उतारा शोधण्यासाठी सापळा लावून त्यांच्यातली एक बाई पकडतो. तेव्हा त्यांच्यातला एक पुरुष क्षणभर उन्हात येतो, अंग भाजत असतानाही येतो. नेव्हिल आपल्या नोंदीत म्हणतो, यांच्यातलं माणूसपण पुरतं संपलेलं दिसतं.

चित्रपट इकडे आला तेव्हा मी भाच्याबरोबर पुण्यात तो पाहिला. नेव्हिलला आपल्या कुत्रीचा, सॅमचा, स्वतःच्या हाताने शेवट करावा लागतो, तेव्हा थिएटरात पॉपकॉर्न खाण्याचाही आवाज थांबला होता. जगभरच्या प्रेक्षकांना तो प्रसंग लागला. इतकी माणसं गेली त्याचं काही वाटलं नाही, पण कुत्रीसाठी रडलो, असं सांगणारे मला आजही भेटतात. तक्रार सगळ्यांची एकच होती. बाधित माणसं संगणकावर केल्यासारखी, रबरी दिसतात. शेवटी नेव्हिल उतारा एका बाईच्या हाती सोपवतो, तिला आणि तिच्याबरोबरच्या मुलाला लपवतो आणि हातबाँब घेऊन हल्लेखोरांसकट स्वतःला संपवतो. मी डोळे पुसले. भाचा म्हणाला, ''मामू, भारी होता ना?'' मी म्हटलं, हो. खोटं कशाला सांगू, मला तो शेवट आवडला होता.

काही महिन्यांनी भाच्याने डीव्हीडी आणली. तिच्यात दुसरा शेवट होता, आधी चित्रित केलेला आणि नंतर काढून टाकलेला.

त्यात तो बाधित पुरुष काचेपलीकडून काचेवर हाताने एक आकार काढतो. फुलपाखराचा. नेव्हिलला उमगत नाही. मग त्याची नजर टेबलावरच्या बाधित बाईकडे जाते. तिच्या अंगावर फुलपाखरू गोंदलेलं आहे. हा तिला न्यायला आला आहे! उन्हात अंग भाजून घेतलं ते तिच्यासाठी. नेव्हिल बंदूक खाली ठेवतो, दार उघडतो, तिला शुद्धीवर आणतो. ती दोघं एकमेकांना बिलगतात. भिंतीवर नेव्हिलने प्रयोगासाठी पकडून मारलेल्या कितीतरी बाधितांचे फोटो लावलेले असतात. तो त्या फोटोंकडे बघतो आणि माफी मागतो. ते लोक त्याला न मारता निघून जातात.

हा शेवट का काढला? कारण प्रेक्षकांना तो रुचला नाही. हॉलिवूडमध्ये प्रदर्शनाआधी निवडक लोकांना बोलावून चित्रपट दाखवण्याची पद्धत आहे. खेळ संपला की त्यांच्या हाती कागद देतात. आवडला का, काय खटकलं, इतरांना पाहायला सांगाल का, असे प्रश्न असतात. या कागदांवरून कितीतरी शेवट बदलले गेले आहेत. १९८७ च्या 'फेटल अ‍ॅट्रॅक्शन'चा शेवट असाच बदलला. आपल्याकडे १९७५ मध्ये 'शोले'चा शेवट बदलावा लागला, पण तो सेन्सॉरमुळे. इथे सेन्सॉर नव्हता, तिकीट काढणारा माणूसच होता. 'आय अ‍ॅम लेजंड'चा पहिला शेवट अशा चाचणीत प्रेक्षकांनी नाकारला, हे दिग्दर्शकाने नंतर उघडपणे सांगितलं आहे. मग नवा शेवट चित्रित झाला.

प्रेक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. दीड तास आपण एका माणसाच्या खांद्यावर डोकं ठेवून घाबरतो, त्याच्या कुत्रीसाठी रडतो. आणि शेवटी कुणी सांगावं, की पलीकडच्यांच्या घरात मुलांना तुमच्याच नावाने भीती घालतात? दुसऱ्याची भीती वाटणं सोपं असतं, आपण ती तिकीट काढून विकत घेतो. पण आपली भीती दुसऱ्याला वाटते, हे ऐकायला कुणी तयार नसतं.

मीही नव्हतो. दुसरा शेवट पाहिल्यावर भाच्याकडून कादंबरी घेतली आणि शब्दकोश शेजारी ठेवून वाचली. माझं इंग्रजी बीएपुरतं. खिडकीतून गर्दी पाहणाऱ्या नेव्हिलपाशी आलो आणि पुस्तक मिटून ठेवलं. मला १९९२ चा डिसेंबर आठवला.

बीए होऊन सहा महिने झाले होते. गावात संचारबंदी होती. बहीण बाळंतपणाला आलेली, घरात तान्हं बाळ. दोन तास संचारबंदी उठली, तशी अम्मीने किटली हातात दिली आणि म्हणाली, ''दूध घेऊन तसाच ये, कुठे थांबू नकोस.'' मी मधल्या गल्लीने निघालो. गल्लीच्या तोंडाशी समोरून एक वयस्क गृहस्थ आले. धोतर, गांधी टोपी, कपाळावर गंध. आमच्याशिवाय तिथे कुणी नव्हतं. मी जागच्या जागी थांबलो. यांच्या मागे आणखी किती जण असतील, एवढंच डोक्यात होतं. पाय हलेनात. ते माझ्या दाढीकडे बघत राहिले. मग दोन पावलं मागे सरले, वळले आणि आले तसे झपाझप निघून गेले.

ही गोष्ट मी पंधरा वर्षं सांगत आलो होतो. मित्रांना सांगितली, एका कवितेतही आणली. त्या दिवशी मी किती घाबरलो होतो आणि कसा वाचलो, असं मी सांगायचो. त्यात मी एकटा होतो आणि समोर धोका होता. पुस्तक मिटल्यावर मला तो प्रसंग पुन्हा दिसला आणि एक गोष्ट पहिल्यांदाच लक्षात आली. त्यांच्याही हातात किटली होती. रिकामी. ते दूध न घेताच परत गेले होते.

पाहिलं मी तेव्हाही होतं, कारण नंतर ते आठवलं. पण सांगताना ती किटली मी गाळत आलो होतो. चाचणीचे कागद भरायला माझ्याकडे कुणी आलं नव्हतं. माझ्या गोष्टीचा शेवट मीच बदलला होता.

शेवट बदलला की गोष्टीतून काय जातं, ते २०२१ मध्ये जगाने पाहिलं. करोनाच्या लसीला अमेरिकेत काही लोक नकार देत होते आणि कारण म्हणून याच चित्रपटाचं नाव घेत होते. लस घेतली म्हणून त्यातली माणसं तशी झाली, असं ते सांगत. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात याची बातमी आली. खरं म्हणजे चित्रपटात साथ लसीमुळे येत नाही, कर्करोगावरच्या उपचारातून येते. पटकथा लिहिणाऱ्यांपैकी एक, अकिवा गोल्ड्समन, यांना जाहीरपणे लिहावं लागलं की अहो, हा चित्रपट आहे, हे मी मनाने रचलेलं आहे! काचेवरचं फुलपाखरू गाळून जो चित्रपट लोकांपर्यंत गेला, त्यातली भीती तेवढी लोकांच्या मनात उरली होती.

आमच्या मोहल्ल्यातही तेव्हा अफवा होत्या. मी वडीलधाऱ्यांना केंद्रावर नेण्याचं काम करत होतो. एक खाला म्हणाल्या, ''बेटा, लस घेतली की माणूस बदलतो म्हणे.'' मी म्हटलं, ''मी घेतली आहे. बघा, बदललोय का?'' त्यांनी मला नीट निरखलं आणि म्हणाल्या, ''तू आधीपासूनच असा आहेस.'' चौथ्या दिवशी त्या आल्या. मी त्यांच्या भीतीला हसलो नाही, एवढंच मला जमलं होतं.

आता गंमत बघा. नाकारलेला तो शेवट डीव्हीडीतून हळूहळू लोकांपर्यंत पोहोचला. ज्यांनी दोन्ही पाहिले त्यांच्यातले पुष्कळ जण म्हणू लागले की पहिलाच खरा होता. आणि २०२३ मध्ये गोल्ड्समन यांनी सांगून टाकलं, की पुढचा भाग करायचा तो त्या काढून टाकलेल्या शेवटापासून, म्हणजे नेव्हिल जिवंत राहतो असं धरून. एका संध्याकाळी भरलेल्या कागदांनी शेवट बदलला आणि सोळा वर्षांनी तो पुन्हा आपल्या जागी आला. प्रेक्षकांना वेळ दिला तर तेही दार उघडतात, असं मला यातून वाटतं.

ते गृहस्थ आज हयात नसतील. त्या दिवशी घरी गेल्यावर त्यांनी काय सांगितलं असेल? घरात कुणी दुधाची वाट बघत असेल, एखादं लहान मूलही असेल. रिकामी किटली खाली ठेवून ते म्हणाले असतील, गल्लीच्या तोंडाशी एक जण उभा होता, मी कसाबसा वाचलो. त्यांची ती गोष्ट मला कधी ऐकायला मिळाली नाही. पण तिच्यात मी आहे, आणि माझ्या हातातली किटली बहुधा तिच्यातही नाही.