टेक्सासची काळी जमीन व वाढती वस्ती

अमेरिकेतील टेक्सास राज्यात २५४ काउंट्या, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यांसारखे विभाग आहेत. २०१० ते २०२० या काळात राज्याची लोकसंख्या सुमारे ४० लाखांनी वाढली. तरी १४३ काउंट्यांत ती घटली. वाढ मोठ्या शहरांभोवती एकवटली. त्यांपैकी डॅलस ते ऑस्टिन या पट्ट्यात कापूस, मका व ज्वारी पिकविणारी काळी जमीन आहे. ती आपल्या रेगूर जमिनीच्याच जातीची होय. या पट्ट्यातील विल्यमसन काउंटीची वस्ती त्या दशकात ४ लाख २३ हजारांवरून ६ लाख ९ हजारांवर गेली. तेथील टेलर हे जुने कापसाचे गाव. २०२१ साली सॅमसंग कंपनीने तेथे १७ अब्ज डॉलर खर्चाचा कारखाना जाहीर केला.

अशा वस्तीबरोबर घरे येतात. ही माती भिजली की फुगते व वाळली की भेगाळते, त्यामुळे घरांचे पाये हलतात. पिकास जो गुण, तोच इमारतीस दोष!

शेतजमिनीवरील कर तेथे बाजारभावावर नव्हे, तर उत्पन्नक्षमतेवर आकारतात. जमीन बिनशेती केल्यास मागील तीन वर्षांच्या करातील फरक भरावा लागतो. परंतु घरबांधणीच्या भावापुढे ही रक्कम किरकोळच ठरते. जमीन खंडाने केलेली असल्यास विक्रीचा पैसा मालकास मिळतो; कसणाऱ्यास मात्र दुसरे शेत शोधावे लागते.